समोरच्या घरची चूल

निवृत्त होऊन मला फार वर्षं झालेली नाहीत. तरी कोणाकडे मयत झाल्याचं कळलं आणि भेटायला गेलो, की बसायच्या आधी माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे जाते. बायकोला हे मुळीच आवडायचं नाही. "लोकांना वाटेल जेवायला आलात," असं एकदा घरी आल्यावर ती मला फाडकन बोलली. मग मी तिला पनवेलच्या नोकरीतलं एक प्रकरण सांगितलं, तेव्हापासून ती काही म्हणत नाही. तेच आज लिहायला घेतलं आहे. त्यातली माणसं अजून त्याच गावात राहतात, म्हणून कोणाचंच नाव लिहिणार नाही. पनवेलहून उरणकडे जाताना पूर्वी मिठागरं होती त्या पट्ट्यातलं एक गाव, एवढं पुरे.

मी तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. बाहेरच्यांना वाटतं, ठाण्यात रोज पाठलाग आणि पिस्तुलं. प्रत्यक्षात सकाळची हजेरी, कोर्टाची समन्स, वॉरंट, पासपोर्टच्या चौकश्या, जमिनीचे तंटे, आणि लग्नसराई आली की हळदीच्या डीजेवरून होणाऱ्या मारामाऱ्या यातच दिवस जातो. अशाच एका दिवशी वरिष्ठ कार्यालयामार्फत एक पत्र आलं. आमच्या हद्दीतला एक तरुण आखातात कामाला होता. कामावर असतानाच छातीत कळ आली आणि तो गेला. मृतदेह तिथल्या शवागारात होता. तो भारतात पाठवण्याआधी आपल्या दूतावासाला खात्री हवी होती, की दिलेल्या पत्त्यावर त्याचे आई-वडील राहतात आणि ते देह ताब्यात घेणार आहेत. सोबत पासपोर्टवरच्या फोटोची प्रत होती. अशी पत्रं आम्हाला नवीन नव्हती. आमच्याकडची कितीतरी घरं आखाताच्या नोकरीवर उभी आहेत. हवालदार जातो, जबाब घेतो, मी सही करतो, काम संपतं.

पत्र हवालदारांच्या हातात देणार, इतक्यात ठाण्याच्या फोनवर परदेशातून फोन आला. ठाणे अंमलदाराने तो माझ्याकडे दिला.

"साहेब, माझं नाव विचारू नका," पलीकडचा माणूस म्हणाला. "मी पनवेलच्या मोहल्ल्यातला. इथं कामाला हाय. तुमच्याकडं एका मय्यतीचा कागद आला असंल."

"आला आहे. पुढे बोला."

"त्याच्यावर जे नाव हाय ना, ते त्याचं नाय. तो दुसरा हाय, साहेब. आमी एका खोलीत राहिलो, एका थाळीत जेवलो. त्याची माँ फोन करायची तर वेगळ्याच नावानं हाक मारायची."

"कोणत्या नावाने?"

"ते तुमी शोधा. मी बोललो कळलं तर माझी नोकरी जाईल. पण पेटीवर खोटं नाव लावून माणसाला घरी धाडायचं, हे बरं नाय. खुदाला काय तोंड दाखवू मी?"

फोन बंद झाला. निनावी फोन करणाऱ्याला बहुधा कोणाचा तरी काटा काढायचा असतो, असा माझा अनुभव. या माणसाला कोणाचं वाईट करायचं नव्हतं, फायदा कसलाच नव्हता आणि तरी तो घाबरत घाबरत बोलत होता. असा फोन मी सोडत नाही. पत्र पुन्हा हातात घेतलं आणि हवालदारांना म्हटलं, "चला, मी पण येतो."

गावात दोन घरं समोरासमोर, मध्ये दोघांचं मिळून एक अंगण. पत्रातल्या घराच्या ओट्यावर चार-सहा माणसं बसली होती. मुलाचे वडील खाली मान घालून उठले. आम्ही खुर्चीवर बसलो आणि विचारपूस सुरू केली. मुलगा कधी गेला परदेशात, काम काय करायचा, शेवटचं बोलणं कधी झालं. उत्तरं मिळत होती, पण जरा जास्तच चटकन मिळत होती. ज्याचा तरुण मुलगा गेला तो बाप एका प्रश्नाला दोनदा अडखळतो, मधेच भलतंच काही सांगायला लागतो. हे गृहस्थ परीक्षेला बसल्यासारखे बोलत होते.

आतून रडण्याचा आवाज येत होता. खोटं रडणं मी नोकरीत भरपूर ऐकलं आहे. हे खरं होतं. मुलाच्या आईशी दोन शब्द बोलावेत म्हणून मी मागच्या पडवीत गेलो, तर ती बाई चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि हात परातीत. बाजूला टोपलीभर भाकऱ्या झालेल्या होत्या.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्याकडे काय आणि या पट्ट्यात काय, ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. भाऊकी आणि शेजारी जेवण आणून देतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. इथे मुलाचा देह अजून परदेशातून यायचा होता आणि आई भाकऱ्या भाजत होती. मी दाराशी उभा राहिलो. एका बाईने ती टोपली फडक्याने झाकली, कमरेवर घेतली आणि अंगण ओलांडून समोरच्या घरात नेली. थोड्या वेळाने पलीकडच्या आळीतून दुसरी एक बाई आमटीचा टोप घेऊन आली. तीही आमच्याकडे न बघता समोरच्याच घरात शिरली. मी तिथे होतो तोवर या घरात कोणी साधा तांब्याही आणला नाही.

"समोर कोण राहतं?" मी वडिलांना विचारलं.

"मंडळींची थोरली भैन. दोगी सख्ख्या भैनी, एकाच गावात दिल्यात."

"त्यांच्याकडे काय झालंय?"

"काय नाय. तिची जरा तब्येत बरी नाय."

"घरात आणखी कोण?"

"नवरा मागंच वारला. एक पोऱ्या हाय. तो करंजाला बोटीवर असतो."

मी अंगण ओलांडून समोर गेलो. घरात उजेड कमी होता. थोरली बहीण भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. ओट्यावरची गॅसची शेगडी पुसून ठेवलेली होती आणि मागच्या चुलीतली राखसुद्धा काढून टाकलेली होती. भाकऱ्यांची टोपली, आमटीचा टोप, भाताचं भांडं तिच्यापुढे तसंच होतं.

"तुमच्या बहिणीचा मुलगा गेला. फार वाईट झालं," मी म्हणालो.

"हां," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी बाहेर पडलो.

माणसं पोलिसांशी खोटं बोलतात, त्यात नवल नाही. आख्खं गाव एकमताने खोटं बोललेलंही मी पाहिलं आहे. पण या गावाने पोलिसांपुढे एक सांगितलं आणि जेवण मात्र खऱ्या घरात पोचवलं. दुःखाच्या घरचं माणूस उपाशी ठेवणं त्यांना जमलं नाही.

आमचे हवालदार जीपमध्ये माझ्या बाजूला बसले. ते त्याच पट्ट्यातले. गाडी गावाबाहेर पडल्यावर म्हणाले, "साहेब, येऊ द्या ना. पोऱ्या गावातलाच हाय. कोनत्या का नावानं, घरी तर येतोय."

"म्हणजे तुम्हालाही दिसलं."

"मना गेल्या गेल्याच दिसलं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

ठाण्यात आल्यावर मी थोरलीच्या मुलाचं नाव विचारलं, तर अर्ध्या ठाण्याला ते माहीत होतं. हळदीतल्या एका मारामारीत तो आरोपी होता. फार मोठा गुन्हा नव्हे, पण खटला चालू होता आणि बऱ्याच तारखांना तो गैरहजर होता. पासपोर्टसाठी त्याने अर्ज केला होता, तो याच खटल्यामुळे अडकला होता. मग धाकटीच्या मुलाचा निघालेला पासपोर्ट कोणाच्या खिशातून विमानात गेला, ते कळायला फार डोकं लागलं नाही. आता दोघांतला जो जिवंत होता, तो सापडायला हवा होता. दूतावासाला जाणारं उत्तर मी थांबवलं.

करंजा बंदरात सकाळची मासळीची बोली ऐन रंगात आली होती. टोपल्या, बर्फ, बायकांचा आरडाओरडा, आणि या सगळ्यात साध्या कपड्यांतले आम्ही दोघं. एका बोटीच्या तांडेलाने, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याने, नव्या खलाशाकडे बोट दाखवलं. तो जाळं सोडवत बसला होता. त्याने वर बघितलं तेव्हा पत्रातल्या फोटोतला चेहरा माझ्यासमोर होता. कागदावर मेलेला माणूस समोर धडधाकट बसलेला पाहिला की पोलिसालाही क्षणभर कसंतरीच होतं.

नाव विचारलं. त्याने थोरलीच्या मुलाचं नाव सांगितलं.

"किती दिवस आहेस बोटीवर?"

"झाली की दोन-तीन वर्सं."

"हात दाखव."

दोरखंडाने त्याचे तळवे सोलवटले होते. फोड ताजे होते. जुन्या खलाशाचा तळवा कसा असतो ते त्या बंदरावर कोणीही सांगेल. मी त्याला गाडीत घातलं.

ठाण्यात त्याला चहा दिला आणि प्रश्न विचारायला बसलो. पोरगा पक्का पढवलेला होता. जन्मतारीख, शाळा, मेलेल्या बापाचं नाव, सगळं थोरलीच्या मुलाचं सांगितलं. पासपोर्टवरचा फोटो पुढे केला, तर म्हणाला, "हा माजा मावसभाव. आमी दोगं सारखेच दिसतो. शालेत मास्तर पन चुकायचे." हात उगारण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. उगारला असता तरी तो आणखी आवळून बसला असता.

"तुझ्यावर खटला आहे," मी म्हणालो. "तारखांना गेला नाहीस. वॉरंट निघेल."

"टाका मग आत."

"मारामारीत तू होतास?"

"होतो."

"डोकं कोणाचं फोडलंस?"

त्याला ते माहीत नव्हतं. त्या हळदीला तो नव्हताच. तरी म्हणाला, "साहेब, टाका ना आत. जे काय असंल ते मी भोगतो. फक्त तो कागद धाडा. तो बरफात पडलाय तिकडं."

तेव्हा मला त्याचा राग येईना. मेलेल्या भावाच्या नावाने जेलात जायला तयार झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. पण दया आली म्हणून खोटं खरं होत नाही. मी उठलो. "चल, तुला तुझ्या आईकडे सोडतो."

गावात जीप थांबली, तशी माणसं ओट्यांवर आली. मी त्याला सरळ थोरलीच्या दारात उभं केलं. ती बाहेर आली. तिने त्याला पाहिलं, मला पाहिलं, अंगणापलीकडे उभ्या असलेल्या आपल्या बहिणीला पाहिलं.

"हा तुमचा मुलगा का?" मी विचारलं.

"हां. माजाच पोऱ्या हाय," थोरली म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "आला वाटतं बोटीवरशी."

ती बाई माझ्यापेक्षा घट्ट होती. तिने हे असंच रेटून नेलं असतं. मी काय करतो आहे हे मला पक्कं ठाऊक होतं आणि ते करणं मला गोड वाटत नव्हतं, तरी मी केलं. मी उंबऱ्याशी बसलो आणि म्हणालो, "बाई, पोरगा समुद्रावरून आलाय. ठाण्यात नुसत्या चहावर आहे. त्याला काहीतरी गरम करून वाढा. मीही दोन घास खाईन."

थोरली तशीच उभी राहिली. चूल पेटवली नाही, तर घरात मयत आहे हे कबूल होत होतं. पेटवली, तर आपल्या हातांनी तिने मुलाचं मरण पुसून टाकल्यासारखं होतं, आणि त्याचा देह अजून मातीला लागलेला नव्हता. ती आत वळली. मागच्या पडवीत गेली, चुलीपुढे बसली. दोन लाकडं सरकवली. काडेपेटी हातात घेतली. काडी ओढली, ती पेटली नाही. दुसरी काढली.

तो पोरगा माझ्या बाजूने धावत आत गेला आणि तिच्या पायांवर पडला. "नको, मावशे! नको पेटवू! माज्यासाटी नको पेटवू!" असं म्हणत त्याने तिच्या हातातली काडेपेटी ओढून घेतली. तेव्हा थोरली पहिल्यांदा रडली. अंगणापलीकडून धाकटी धावत आली आणि दोघी बहिणी त्या पोराला मध्ये घेऊन चुलीपाशी बसल्या. मी आणि हवालदार बाहेर जाऊन जीपला टेकून उभे राहिलो. हवालदार डोळे पुसत होते. मी माझ्या डोळ्यांबद्दल काही लिहीत नाही.

नंतर सगळं सरळ बाहेर आलं. धाकटीच्या मुलाने पासपोर्ट काढला, व्हिसा आला आणि ऐन वेळी त्याचं अवसान गळालं. डंपर चालवणारा गडी, पण विमानाला घाबरला. थोरलीच्या मुलाला जायची भारी हौस, त्याचा अर्ज खटल्याने अडवलेला. पनवेलमधल्या एका दलालाने त्यांना सांगितलं, खटला असला की जन्मात पासपोर्ट मिळत नाही, त्यापेक्षा भावाचा घेऊन जा, तोंडं तर एकाच साच्यातली आहेत. वास्तविक अशा किरकोळ खटल्यात कोर्टाला रीतसर विचारलं तर परवानगी मिळू शकते. वकिलाला विचारायचं सोडून यांनी दलालाला विचारलं. आमच्या लोकांना कायद्याची इतकी भीती वाटते, की तो टाळायला ते गुन्हा करतात. मरणाची बातमी आली तेव्हा दोन्ही घरांनी ठरवलं, की येईल त्या नावाने येऊ द्यायचं, सगळं उरकायचं आणि तोंड मिटायचं. जिवंत पोराने भावाच्या नावाने बोटीवर राहायचं.

मी परत अंगणात गेलो आणि थोरलीपुढे बसलो.

"साहेब," ती म्हणाली, "मना नाव नको, पोर पायजे. कागदावर काय लिवाचं ते लिवा. तुमी हे उकरलंत तर ते माज्या पोऱ्याला तिकडंच गाडतील."

हवालदारांचंही तेच म्हणणं होतं. तिथे आलेल्या सरपंचाचंही तेच. खरं सांगायचं तर त्या क्षणी अंगणात मी एकटाच दुसऱ्या बाजूला होतो.

"बाई," मी म्हणालो, "आता मी खोटं लिहिलं तर तुमचा मुलगा लवकर येईल, हे खरं. पण कागदावर तो जिवंत राहील. त्याच्या खटल्याची तारीख पडत राहील. वॉरंट निघेल आणि माझ्या जागी येणारा साहेब तुमच्या दारात उभा राहून विचारेल, मुलगा कुठे लपवलाय? एकदा नाही, दर काही महिन्यांनी विचारेल. तुम्ही काय सांगाल?"

"सांगन, मेला."

"तो म्हणेल, दाखला दाखवा. आणि हा तुमच्या बहिणीचा पोरगा जन्मभर मेलेला राहील. ना त्याला लग्नाची नोंद करता येईल, ना घर नावावर करता येईल. एका मरणात दोन पोरं घालवायची आहेत का?"

मग मी पोलिसाने सहसा देऊ नये असा शब्द तिला दिला. "त्याला आणतो. त्याच्याच नावाने आणतो. थोडे दिवस लागतील, पण आणतो."

"तवर ही चूल पेटनार नाय," ती म्हणाली.

नुसतं तोंडाने म्हणाली नाही, तिने तसंच केलं. त्या दिवसापासून माझ्यामागे ती बंद चूल लागली. धाकटीच्या मुलाचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेतला. दलालावर गुन्हा दाखल करून त्याला उचललं. दोन दिवस तो मला कायदा शिकवत होता, तिसऱ्या दिवशी स्वतःच बोलायला लागला. पण तिथल्या सरकारला आमचे जबाब पुरेसे नव्हते. त्यांच्या लेखी मेलेला माणूस पासपोर्टवाला होता आणि पासपोर्टवाला तर पनवेलला जिवंत निघाला. मग शवागारात आहे तो कोण? बेवारस म्हणून पुरून टाकणं त्यांना सगळ्यात सोपं होतं.

इथे ती हळदीतली मारामारी कामाला आली. ज्या खटल्याने पोराचा पासपोर्ट अडवला, त्याच खटल्यात अटक झाली तेव्हा त्याच्या बोटांचे ठसे घेतलेले होते. ते ठसे आमच्या तज्ज्ञांकडून तपासून वरिष्ठांमार्फत दूतावासाकडे पाठवले आणि देहाच्या ठशांशी जुळवून पाहण्याची विनंती केली. विनंती म्हणजे काय, मी अक्षरशः पिच्छा पुरवला. मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याने फोनवर मला विचारलं, "हा मृत तुमचा नातेवाईक आहे का?" मी म्हटलं, "नाही, माझ्या हद्दीतला आहे." एकदा आमचे वरिष्ठही वैतागले. त्यांनाही मी हेच सांगितलं.

मधल्या काळात गावात गेलो की बायका मला ऐकू येईल असं बोलायच्या, "साहेबानंच चूल बंद ठेवलीय." भाऊकीने आळीपाळी लावून दिली होती. आज या घरचं जेवण, उद्या त्या घरचं. थोरलीला सगळ्यांनी समजावलं, की आता पुरे, पेटव. ती ऐकत नव्हती. भाकऱ्या मात्र रोज धाकटीकडूनच यायच्या.

आणि एक दिवस तो मोहल्ल्यातला माणूस पुन्हा फोनवर आला.

"साहेब, काय झालं? तो अजून इथंच हाय."

मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "त्याला ओळखणाऱ्या कोणीतरी तिथे दूतावासात जाऊन लिहून द्यायला हवं."

तो म्हणाला, "मी गेलो तर मालक मला ठेवणार नाय."

"तसं होऊ शकतं. मी खोटी हमी देत नाही."

"साहेब, त्याची माँ जेवते ना?"

"शेजारी देतात ते खाते. चूल पेटवत नाही."

"जातो मग," तो म्हणाला. आणि गेला. खोलीतले फोटो, फोनवर आईशी बोलताना काढलेला एक व्हिडिओ, सगळं घेऊन दूतावासात स्वतःच्या नावानिशी उभा राहिला. ठसे जुळले, ओळख पटली, आणि मरणाच्या दाखल्यावर थोरलीच्या मुलाचं नाव आलं.

पेटी मुंबईच्या विमानतळावर मालवाहतूक विभागात उतरली. मी वर्दीत गेलो होतो. धाकटीचा मुलगाही या गुन्ह्यात आरोपी होता, पण जामिनावर होता. पेटीचं एक टोक त्याने धरलं आणि गाव येईपर्यंत गाडीत तिच्यावर हात ठेवून बसला. अंगणात सगळं गाव जमलं होतं. पेटी खाली ठेवली. लोक उघडायला पुढे झाले, तेवढ्यात थोरलीने हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला जवळ बोलावलं.

"मना वाचता येत नाय," ती म्हणाली. "वर काय लिवलंय?"

मी वाकलो आणि पेटीवरच्या चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने वाचलं. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं वाचलं.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"हां," ती म्हणाली. "माजाच हाय. उघडा आता."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते थोडक्यात सांगतो. चौकशीला गेल्यावर माणसाच्या तोंडाकडे सगळेच बघतात. मी त्यानंतर घरातले हात काय करत आहेत ते बघायला लागलो. कोण कोणाला वाढतंय, कोणाचं ताट झाकून ठेवलंय, कोणाकडे भांडी जातायत. त्याने मला पुढच्या कितीतरी तपासांत मदत केली. दुसरं म्हणजे, दया करायची म्हणून कागदावर खोटं लिहू नये. ती दया त्या दिवसापुरती असते आणि तो कागद त्या घराला पुढे जन्मभर पुरतो. ज्याला मदत करायची त्याच्यासाठी खऱ्या बाजूने धावपळ करावी. त्यात दमछाक होते, लोकांचे बोल बसतात, पण मला त्याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही. दलालाला शिक्षा झाली. पोराच्या बाबतीत कोर्टाने समजूतदारपणा दाखवला. मोहल्ल्यातल्या त्या माणसाची नोकरी गेली ती गेलीच. पुढे पनवेलला परत आल्यावर तो आधी थोरलीला भेटून आला आणि मग मला.

दिवस-कार्य झाल्यावर थोरलीचा निरोप आला, साहेबांना घेऊन या. मी आणि हवालदार गेलो. मागच्या पडवीतून धूर येत होता. धाकटी लाकडं सारत होती आणि थोरली तव्यावर भाकरी टाकत होती. आम्हाला पाट मांडले. धाकटीचा मुलगा माझ्या शेजारी बसला. थोरलीने पहिली भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात वाढली.

"त्या दिवशी दारात बसून जेवाला मागितलंत ना, साहेब," ती म्हणाली. "तवा देता नाय आलं. आता जेवा."